कोईची पिल्लं जगवायची कशी, निवडायची कशी: गोव्यातल्या पाण्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळपईजवळ घरामागे चिऱ्यांची, आतून सिमेंटचा गिलावा केलेली चार हजार लिटरची टाकी आहे. पाणी विहिरीचं. दुकानातून आणलेल्या मिश्र रंगांच्या कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, तुम्ही तीन वर्षं वाढवल्या. यंदा जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात मादीने आपणहून अंडी घातली, हजारो पिल्लं निघाली, आठवड्याभरात बहुतेक मेली, आणि उरली ती दोन महिन्यांनंतरही मळकट तपकिरीच आहेत. दोष पाण्याचा, खाण्याचा की आईबापांचा, आणि पुढच्या खेपेला चांगल्या दर्जाची पिल्लं हवी असतील तर काय करायचं?

दोष तिन्हींचा आहे, पण सारखा नाही. पिल्लं मेली ती पाण्यामुळे आणि उपासमारीमुळे. तपकिरी निघाली ती आईबापांमुळे. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे तो आकडा. चार हजार लिटरमध्ये तुम्ही निसर्गाने दिलेली सगळी पिल्लं जगवायला निघालात. कोईची मादी वजनाच्या किलोमागे लाखभर अंडी घालते. तुमची मादी दीड-दोन किलोची असेल तर त्या पहाटे टाकीत दीड-दोन लाख अंडी होती. त्यातली निम्मी उबली तरी ती पोसणं त्या टाकीच्या आवाक्याबाहेरचं होतं. कोई पैदास करणाऱ्याचं खरं कसब कमी करण्यात असतं, आणि ते पहिल्या दिवसापासून करावं लागतं. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे.

आधी पाणी, कारण सत्तरी, डिचोली, फोंडा, सांगे या सगळ्या भागांत पाण्याचं दुखणं एकच आहे. आपली जमीन जांभ्याची. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपून विहिरीत येतं तेव्हा त्यात चुन्याचा अंश जवळजवळ नसतो. असं पाणी पिण्याला गोड लागतं, पण त्याला आम्ल झेलण्याची ताकद नसते. ही ताकद मोजायला केएचचं टेस्ट किट मिळतं. आपल्याकडच्या कित्येक विहिरींत ते एक-दोन अंशच दाखवतं. टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा ही क्षारता खर्च होते. त्यात वरून दिवसभर पाऊस कोसळला की उरलीसुरलीही पातळ होते आणि पीएच एका रात्रीत साडेपाचाच्या खाली जाऊ शकतो. मोठी कोई हा धक्का कशीबशी सोसते, चार दिवसांचं पिल्लू सोसत नाही. उलट उन्हाच्या दिवशी पाणी हिरवं असेल तर शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्याच पाण्याचा पीएच दुपारी नवापर्यंत चढतो. अमोनियाचं विष तेव्हा कित्येक पटींनी वाढतं: तीस अंश तापमानाला पीएच सात असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच आठला तोच सात टक्क्यांच्या पुढे जातो.

म्हणून पिल्लांच्या टाकीत केएच चार-पाच अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. हजार लिटर पाण्याला तीस ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच साधारण एक अंशाने वाढतो. एकदम ओतू नका, दिवसाला एक अंश पुरे. कायमच्या उपायासाठी फिल्टरमध्ये शिंपल्या ठेवा. तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या आपल्याकडे फुकट मिळतात. त्या उकळून, घासून, वाळवून जाळीच्या पिशवीत भरायच्या आणि फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. पाणी आम्ल होऊ लागलं की त्या विरघळतात, नसेल तेव्हा गप्प पडून राहतात. माझ्या सगळ्या टाक्यांत त्या आहेत. टाकीचा गिलावा नवा असेल तर मात्र उलटा त्रास होतो. सिमेंट चुना सोडतं आणि पीएच दहापर्यंत जातो. अशी टाकी भरून आठवडाभर ठेवून रिकामी करायची आणि पीएच आटोक्यात येईपर्यंत हेच पुन्हा करत राहायचं. किनाऱ्याजवळच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना: खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त जमिनींच्या, आसपासच्या विहिरींत एप्रिल-मेमध्ये खारटपणा येतो. मोठ्या कोईला थोडं मीठ चालतं, अंड्यांना आणि नुकत्या निघालेल्या पिल्लांना ते नको.

आता वेळ. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर मादीने अंडी टाकणं स्वाभाविक आहे. तापमान उतरतं, ताजं पाणी येतं आणि तिला इशारा मिळतो. पण पिल्लं वाढवायला जून-जुलै हा आपल्याकडचा सर्वांत वाईट काळ. ऊन नाही म्हणून पाण्यात प्लवंग धरत नाही, पीएच सतत हलतो, वीज जाते, आणि टाकीत बेडकांपासून दिवडापर्यंत सगळे उतरतात. सत्तरीत तर किनाऱ्यापेक्षा पाऊस जास्त. मी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस निवडतो. रात्रीचं पाणी बावीसच्या आसपास असतं, दिवस मोठे होऊ लागलेले असतात, आणि त्यानंतर तीन-चार महिने भरपूर ऊन मिळतं. पाऊस सुरू होईपर्यंत तुमची निवड संपलेली असते आणि हातात बोटापेक्षा मोठे मासे असतात. एकच अडचण, एप्रिल-मेमध्ये विहीर आटते. जेवढं पाणी मेमध्ये बदलता येईल त्या हिशेबानेच फेब्रुवारीत पिल्लं ठेवा.

पण जानेवारीत हवी तेव्हा मादीने अंडी द्यावीत यासाठी तयारी नोव्हेंबरपासून लागते. आपल्याकडे थंडी अशी नाहीच, त्यामुळे नर-मादी एकत्र असले तर वर्षभर केव्हाही थोडीथोडी अंडी टाकतात आणि मादी कधीच पूर्ण भरत नाही. ते वेगळे ठेवा. वेगळ्या टाक्या शक्य नसतील तर मध्ये भक्कम जाळी लावा. मादीला पस्तीस ते चाळीस टक्के प्रथिनांचं खाद्य द्या, पण तिला लठ्ठ करू नका, चरबीने भरलेली मादी अंडी सोडताना अडते. मादी किमान तीन वर्षांची, शक्यतो चार-पाच वर्षांची हवी. नर दोन-तीन वर्षांचे चालतात. तयार नराच्या गालफडांवर आणि छातीच्या परांवर बोट फिरवलं तर खरखरीत दाणे लागतात. मादीचं पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं आणि मऊ असतं. एका मादीला दोन नर पुरेत. तीन घातले तर फलन थोडं वाढतं, पण मादीची दमछाक होते आणि खवले निघतात.

अंडी चिकट असतात, त्यांना धरायला काहीतरी हवं. इंडोनेशियात त्यासाठी तंतूंचे गुच्छ वापरतात, त्यांना काकाबान म्हणतात. आपल्याकडे काथ्या आहे. सोडणाचा काथ्या दोन-तीनदा उकळून, लाल पाणी पूर्ण जाईपर्यंत धुऊन, दोरीला ब्रशसारखा बांधला की काम झालं. ओढ्यातली पाणवनस्पती आणू नका, तिच्यासोबत चतुराच्या अळ्या आणि गोगलगायी येतात. संध्याकाळी नर-मादीला स्वच्छ, ताज्या पाण्याच्या टाकीत, हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या बारीक जाळीच्या पेटीत, सोडा आणि गुच्छ तरंगते ठेवा. आदले दोन दिवस खाद्य बंद. बहुधा पहाटे पाणी उसळू लागतं. नर मादीला गुच्छांवर ढकलतात आणि दोन-चार तास हे चालतं. दोन रात्रींत काही झालं नाही तर दोघांना परत वेगळं करा आणि आठवड्याने पुन्हा बघा. मादीला अंडी टाकायला लावणारं ओव्हाप्रिमचं इंजेक्शन मिळतं आणि ते कामही करतं, पण मादी पक्व नसेल तर इंजेक्शनाने कच्ची अंडी पडतात. घरगुती पैदाशीत त्याची गरज मला वाटत नाही.

सोहळा संपताच मोठे मासे बाहेर काढा, कारण ते स्वतःची अंडी खातात. मादीला तीन-चार दिवस मिठाच्या पाण्यात विश्रांती द्या, हजार लिटरला तीन किलो मीठ. मिठागराचं जाडं मीठ चांगलं.

आणि इथेच पहिली कपात करायची. दहा गुच्छ अंड्यांनी भरले असतील तर त्यांतले एक-दोन ठेवा, तेही ज्यांवर अंडी एकथरी आणि सुटी आहेत असे. बाकीचे उन्हात वाळवा. तुमच्या टाकीला आठ-दहा हजार अंडी खूप झाली. हे करताना हात थांबतो, मला माहीत आहे, पण आज वाळवलेल्या अंड्यांना काही कळत नाही. पंधरा दिवसांनी उपाशी मरणाऱ्या पिल्लांना कळतं.

फलित अंडं काचेसारखं स्वच्छ राहतं. न फळलेलं दिवसभरात दुधाळ पांढरं होतं आणि त्याच्यावर बुरशी चढते, ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. हजार लिटरला एक ते दोन ग्रॅम मिथिलीन ब्लू पुरतं. मॅलाकाइट ग्रीन अजूनही काही दुकानांत सुचवतात. ते माशाला आणि हाताळणाऱ्यालाही घातक आहे, ते वापरू नका. हवा मंद पण अखंड चालू हवी. पंचवीस-सव्वीस अंश पाण्यात अडीच-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सुरुवातीला ती भिंतीला, काथ्याला चिकटून लटकतात आणि पोटाखालच्या बलकावर जगतात. त्या दोन-तीन दिवसांत खाद्य टाकलं तर ते फक्त कुजतं. मग एके दिवशी ती सुटून वर येतात, पृष्ठभागावरची हवा गिळून वायुपिशवी भरतात आणि आडवी पोहू लागतात. पाण्यावर तेलकट साय असेल तर ही हवा गिळता येत नाही आणि अशी पिल्लं तळाशी धडपडत मरतात. म्हणून कागद पसरून पृष्ठभाग रोज साफ करा.

आता उपासमार. तुम्ही उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक दिला असं लिहिलं आहे. बलक पिल्लं खातात, पण जितका खातात त्याच्या कितीतरी पट पाण्यात विरघळतो आणि मऊ, क्षारता नसलेल्या पाण्यात तो अमोनियाचा कारखाना होतो. पहिल्या दोन दिवसांपुरता चिमूटभर, फडक्यातून गाळून, ठीक. त्यानंतर जिवंत खाद्याला पर्याय नाही. पिल्लू पाच-सहा मिलिमीटरचं, त्याला आधी रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि लगेच आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची, नुकती निघालेली पिल्लं लागतात. आर्टेमियाची अंडी डब्यात मिळतात. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, जोरात हवा, उजेड आणि अठ्ठावीस अंश तापमान दिलं की चोवीस तासांत ती निघतात. गोव्यात त्यासाठी हीटर लागत नाही, ही आपली मोठी सोय. हवा बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. कवचं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली उजेडाकडे गोळा होतात. नळीने तीच ओढून घ्या, कारण गिळलेली कवचं कोईच्या पिल्लाच्या आतड्यात अडकतात. कार्प कुळातल्या माशांना जठर नसतं, त्यामुळे एकदाच पोटभर देऊन भागत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं द्यावं लागतं. पोट नारिंगी दिसलं पाहिजे, तीच खूण. घरात सकाळ-संध्याकाळ कुणी नसेल तर ही पैदास करू नका असंच मी सांगेन.

जागा असेल तर टाकीपेक्षा मातीचं लहान तळं कितीतरी चांगलं, आणि दर्जेदार अंगकाठी त्यातच येते. शंभर चौरस मीटरचं, मीटरभर खोल, पूर्ण रिकामं करता येणारं तळं पुरतं. आधी ते उन्हात तडकेपर्यंत वाळवा. आपली तांबडी माती आम्ल असते, तेव्हा शंभर चौरस मीटरला पाचेक किलो चुना टाका. पाणी बारीक जाळीतून गाळून भरा. मग साडेसात किलो शेंगदाण्याची पेंड, दोन किलो शेण आणि अर्धा किलो सुपर फॉस्फेट भिजवून त्याची कढी करायची. त्यातली निम्मी पिल्लं सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी शिंपडायची, उरलेली नंतर पाणी बघून थोडीथोडी. पाण्यात आधी रोटिफर येतात, मग मोइना म्हणजे बारीक पाणपिसवा, आणि उशीर केला तर सायक्लॉप्स. हे सायक्लॉप्स नुकत्या पोहू लागलेल्या पिल्लांनाच कुरतडतात. म्हणून नर-मादी हाप्यात सोडायच्या दिवशीच तळं भरायला घ्यायचं, महिनाभर आधी नाही. तळ्याचं आणि अंड्यांचं वेळापत्रक जुळवणं हीच यातली कला आहे. पाठीवर पोहणारे पाणकिडे आणि चतुराच्या अळ्या यांचा बंदोबस्त साबण आणि स्वस्त खाद्यतेलाच्या मिश्रणाने होतो. हेक्टरला अठरा किलो साबण आणि छप्पन्न किलो तेल हे प्रमाण मत्स्यशेतीत रूढ आहे, म्हणजे शंभर चौरस मीटरला साबण एकशे ऐंशी ग्रॅम आणि तेल साधारण साडेपाचशे. वारा नसलेल्या दिवशी शिंपडायचं. पण वर सांगितलेल्या तेलकट सायीचा विचार करून पिल्लं एक दिवस थांबवून, तवंग गेल्याची खात्री करूनच सोडायची. चौरस मीटरला शंभराहून जास्त पिल्लं मी सोडत नाही. वरून जाळी हवीच. खंड्या, बगळा, पाणकावळा यांना लाल-पांढरा मासा लांबून दिसतो.

सोडून दिलेल्या चिरेखाणीत पिल्लं वाढवण्याची कल्पना मला अनेकांनी विचारली आहे. त्या भानगडीत पडू नका. ती रिकामी करता येत नाही, जाळं ओढता येत नाही, मरळ आणि कासवं कुठे बसली आहेत ते कळत नाही, आणि उभ्या कडांमुळे माणसाच्या जिवालाही धोका असतो.

आता दर्जा. तुमची पिल्लं तपकिरी का, याचं उत्तर कोईच्या इतिहासात आहे. कोई म्हणजे मुळात काळपट कार्प. जपानच्या नीगाता प्रांतातल्या डोंगराळ गावांत शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांत लाल-पांढरे ठिपके असलेले मासे दिसू लागले आणि ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत नेले. १९१४च्या टोकियो प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग जपानभर त्यांचं नाव झालं. म्हणजे हा रंग निवडीने धरून ठेवलेला आहे. निवड थांबली की मासा आपल्या मूळ रंगाकडे वळतो. दुकानातल्या मिश्र कोईंपैकी एक ओगोन (एकरंगी), दुसरा शोवासारखा (काळ्यावर लाल-पांढरा), तिसरा बिनवंशाचा असे घेऊन जोडी लावली तर पिल्लं बहुतांशी तपकिरी, करडी, मळकट पिवळी निघणारच. ती दोन महिन्यांत रंग धरतील याची वाट पाहू नका. तपकिरी राहिलेलं पिल्लू तपकिरीच राहतं.

पुढच्या खेपेला एकाच जातीचे नर-मादी घ्या, आणि माझा आग्रह कोहाकूचा, म्हणजे पांढऱ्यावर लाल. याला कारण आपलं पाणीच आहे. मऊ पाण्यात लाल रंग चांगला बसतो, काळ्याला मात्र जड पाणी आणि गारवा मानवतो. सांके (पांढऱ्यावर लाल आणि काळे ठिपके) आणि शोवा यांचा काळा रंग आपल्या उबदार पाण्यात विरळ, धुरकट होतो. शिवाय त्यांची निवड अवघड. शोवाची पिल्लं निघाल्यावर दोन-तीन दिवसांतच काळी तेवढी ठेवून फिकट काढावी लागतात. सांकेचा काळा ठिपका उशिरा वर येतो, त्यामुळे चुकीचं पिल्लू फेकण्याची भीती. ओगोन सोपा आहे, एकरंगी धातूसारखी झळाळी, निवडायला डोळ्यांना त्रास नाही. पण त्याला किंमत अंगकाठीवर मिळते. डोइत्सू म्हणजे बिनखवल्यांच्या जातींत गुंतू नका. त्यांतल्या काही जोड्यांत जनुकांच्या विशिष्ट जुळणीमुळे चौथा हिस्सा पिल्लं जगतच नाहीत.

आईबाप निवडताना नक्षीपेक्षा शरीर आणि कातडी बघा. खांदे रुंद, शेपटीचा बुंधा जाड, पांढरा दुधासारखा स्वच्छ, लाल रंगाची कड ठळक. मादीचं शरीर उत्तम हवं, नराचा रंग. एकाच लॉटमधले भाऊ-बहीण जोडू नका. चेन्नईच्या कोळत्तूरहून येणाऱ्या स्वस्त लॉटमधून आईबाप निवडण्यापेक्षा वंश सांगता येईल अशा पैदासकाराकडून दोन चांगल्या माद्या घेतलेल्या परवडतात. आणि नवीन मासा आणलात की महिनाभर वेगळा ठेवाच. कोईचा झोपाळू रोग भारतात आढळलेला आहे, तो पंधरा ते पंचवीस अंशांत उफाळतो, म्हणजे नेमका आपल्या डिसेंबर-जानेवारीत. मासा तळाशी आडवा पडून राहतो आणि हलवलं की तेवढ्यापुरता पोहतो. अशा वेळी अर्धा टक्का मीठ उपयोगी पडतं, पण तो मासा पैदाशीत वापरायचा नाही.

चांगल्या कोहाकू जोडीपासूनही शंभरातली बहुसंख्य पिल्लं काढून टाकावी लागतात. साधारण पंचवीस-तीस दिवसांनी, पिल्लं इंचभर झाली की पहिली निवड. आदल्या दिवशी खाद्य बंद, सकाळच्या गारव्यात, पांढऱ्या थाळ्यात थोडीथोडी पिल्लं घेऊन. वाकडा कणा, तिरपं तोंड, आखूड गालपट, अपुरे पर हे आधी काढा. मग पूर्ण पांढरी आणि पूर्ण लाल. पहिल्या खेपेला दोन-तृतीयांश गेली तर योग्य झालं समजा. बाकीच्यांच्या दुप्पट वाढलेलं एखादं पिल्लू दिसलं तर खुश होऊ नका. ते भावंडं खाऊन वाढलेलं असतं, जपानी पैदासकार त्याला तोबी म्हणतात. ते रोजच्या रोज उचलून वेगळं करा.

तीन आठवड्यांनी दुसरी निवड, ती नक्षीची. पाठीवर लाल निम्म्याच्या आसपास किंवा थोडा जास्त, नाकावर आणि शेपटीच्या बुंध्याशी पांढरी जागा, लाल डोळ्यांवर किंवा परांवर उतरलेला नाही. वरून बघायचं, बाजूने नाही, कारण कोई तळ्यात वरूनच दिसते. इथे एक मोह टाळावा लागतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचा लाल कुंकवासारखा गडद आणि पूर्ण झालेला दिसला तर तो बहुधा टिकत नाही, मोठेपणी फाटतो. पिकलेल्या आंब्याकडे झुकणारा, जाड आणि सारखा नारिंगी लाल असलेलं पिल्लू ठेवा. रंगासाठी स्पिरुलिनाचं खाद्य इतक्या लवकर देऊ नका, लाल खुलतो तसा पांढराही पिवळटतो. आणि दुपारी पाणी तेहेतिसाच्या वर जाऊ लागलं की टाकीच्या एका भागावर हिरवी जाळी टाका. सततच्या उष्णतेत लाल पातळ होतो, हे आपल्याकडे दर मेमध्ये दिसतं.

तिसरी निवड तीन महिन्यांनी, मासा बोटापेक्षा मोठा झाला की. आता शरीर बघायचं, पोहणं बघायचं. इथे राहिलेली शंभरातली दोन-तीन पिल्लं ही तुमची दर्जेदार पिल्लं. त्यांना प्रत्येकी शंभर लिटर तरी पाणी द्या, म्हणजे तुमच्या टाकीत चाळीसच मासे. ऐकायला हा आकडा फार लहान वाटतो, पण गोव्यातल्या बागांच्या आणि हॉटेलांच्या तळ्यांना मळकट दोन इंची कोई बाहेरून हव्या तेवढ्या मिळतात. त्या किमतीशी तुम्ही स्पर्धा करू शकत नाही. चांगल्या अंगकाठीची सहा इंची कोहाकू इथे वाढलेली, इथल्या पाण्याला सरावलेली मिळत नाही. गिऱ्हाईक तिथे आहे.

काढलेल्या पिल्लांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो टाळता येत नाही. दुसऱ्या निवडीपासूनची निरोगी, पण नक्षी नसलेली पिल्लं शेजाऱ्यांच्या टाक्यांत, शाळांच्या टाक्यांत द्या. व्यंग असलेली लवंगाच्या तेलाच्या तीव्र द्रावणात भूल देऊन संपवा आणि पालापाचोळ्याच्या खड्ड्यात पुरा. पण ओढ्यात, नदीत, देवळाच्या तळीत एकही सोडू नका. कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि आपल्या हवामानात सहज वाढतो. म्हादईच्या, खांडेपारच्या वरच्या प्रवाहांत पश्चिम घाटाबाहेर कुठेच न सापडणारे मासे आहेत. तुमची टाकी सत्तरीत, ओढ्याच्या काठाजवळ असेल तर पावसाळ्यात टाकी भरून वाहणार नाही यासाठी सांडव्याला बारीक जाळी आजच बसवा.

खर्चाबद्दल विचारलंत. शोभिवंत माशांच्या परसातल्या युनिटला २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला चाळीस टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदानाची तरतूद होती. ती आता चालू आहे का आणि अर्ज घेतले जातात का ते मत्स्योद्योग खात्यात विचारा. पाणी आणि माती तपासण्याबाबत जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे चौकशी करा. पण अर्जाआधी केएच-पीएचचं किट घ्या आणि तुमच्या विहिरीचं पाणी आता एकदा, डिसेंबरमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा मोजून लिहून ठेवा. बॅटरीवर चालणारा एअर पंपही तेव्हाच घ्या.

तुमची जुनी मादी तीन वर्षांची आहे, तिची अंगकाठी चांगली असेल तर तिला टाकू नका. ती कोणत्या जातीच्या जवळची आहे ते बघून त्याच जातीचा चांगला नर तिला आणा, आणि नोव्हेंबरपासून दोघांच्या मध्ये जाळी लावा.